पोषणशास्त्राचे पाठ आणि मोपाचे पठार

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेले मोपा हे नाव ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून देशभर ऐकू येऊ लागले. त्यापूर्वी हे पठार परिसरातील लोकांना माहीत होते ते जांभ्या दगडासाठी, काजूच्या बागांसाठी आणि गुराढोरांच्या चरण्यासाठी. आहारशास्त्र व सार्वजनिक आरोग्य हे विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकांना मात्र अशा पठाराकडे आणखी एका दृष्टीने पाहता येईल. महाविद्यालयाच्या कपाटात नसलेली पुष्कळशी शैक्षणिक साधने तेथे आणि तेथील स्वयंपाकघरांत उपलब्ध आहेत.

अशा साधनांची निकड आकडेवारीवरून स्पष्ट होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) गोव्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ३९ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील बालकांत हे प्रमाण ५३ टक्क्यांच्या घरात होते. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच नोंदले गेले. एकाच घरात सुनेला रक्तक्षय आणि सासऱ्यांना मधुमेह, असे चित्र त्यामुळे नवलाचे राहिलेले नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनीला या दोघांच्याही ताटाविषयी काही सांगता आले पाहिजे.

या विषयाचा मूळ ग्रंथ म्हणजे अन्नघटकांची कोष्टके. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरीविषयक संशोधनातून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली या संस्थेची कोष्टके अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध झाली. पालेभाज्यांतील लोहाचे जुन्या तक्त्यांतले काही आकडे नव्या मापनात बरेच खाली आले आहेत. वर्गातील भिंतीवर लावलेला तक्ता कोणत्या सालचा आहे, हे म्हणूनच आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी तो बराच जुना असतो.

कोष्टक हाती आले तरी अडचण संपत नाही. पेडण्यातील विद्यार्थिनी जिला तायकिळो म्हणते तो मराठी पुस्तकात टाकळा असतो आणि इंग्रजी पुस्तकात केवळ शास्त्रीय नावाने भेटतो. स्थानिक नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव, मिळण्याचा महिना आणि शिजविण्याची रीत अशी पाच रकान्यांची वही विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करणे हे पहिले साधन होय. ती भरण्यासाठी गावातील वृद्ध स्त्रियांकडेच जावे लागते. आषाढात टाकळ्याची कोवळी पाने फणसाच्या आठळ्या व ओले खोबरे घालून शिजविणाऱ्या या स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत, म्हणून हे काम पुढील सत्रावर ढकलू नये.

दुसरे साधन गणिताचे आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, हे वाक्य सर्वांना पाठ असते. नव्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका वाटी तिझानासाठी ३० ग्रॅम पीठ घेतले तर त्यातून सुमारे ११० मिलिग्रॅम मिळते. प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली दैनंदिन गरज १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे नऊ वाट्या! येथे विद्यार्थी हसतात आणि मग आपणहून दूध, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, शेवग्याचा पाला यांची बेरीज मांडू लागतात. पुरुमेंताच्या सुक्या मासळीचे नाव निघताच तिच्यातील मिठाचाही हिशेब मांडावा. रक्तदाबाच्या रुग्णाला ती सरसकट सुचविता येत नाही.

उकड्या तांदळाची पेज हा तर संपूर्ण पाठ आहे. जावा बेटावर कोंबड्यांना सडलेला पांढरा तांदूळ चारल्यावर त्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो, हे क्रिस्तियान आयकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले आणि त्या मार्गावरील कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भात टरफलासह उकडला असता कोंड्यातील थायमिन दाण्यात उतरते व सडल्यावरही त्यातील बराच भाग टिकतो. पाण्यात विरघळणारे हे जीवनसत्त्व भाताचे पाणी निथळून टाकल्यास जाते. पेजेत पाणी टाकले जात नाही. मधुमेही व्यक्तीने पेज किती घ्यावी, हा प्रश्न अर्थातच शिल्लक राहतो आणि तो वर्गात टाळू नये.

काजूच्या बोंडाची कथा वेगळी. जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम बोंडात सुमारे १८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलेले आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतिज लोहाच्या शोषणास साहाय्य करते. परंतु बोंडे चैत्र-वैशाखात पिकतात आणि टाकळा आषाढात उगवतो. पुस्तकातील जोडी पठारावर जुळत नाही! त्यामुळे पावसाळ्यात लिंबू किंवा पेरू शोधावा लागतो. चिंचेने ते काम होईल, असा समज आढळतो. पण आंबट चव म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व नव्हे, चिंचेत ते नाममात्र असते. लिंबू पिळावयाचे तेही भाजी चुलीवरून उतरविल्यावर. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, हेही येथेच सांगावे.

कमी खर्चाच्या साधनांची परंपरा जुनी आहे. डॉ. डेव्हिड मॉर्ली यांनी १९६५ साली लंडनमध्ये याच हेतूने एक संस्था स्थापन केली. बगदादचे डॉ. शाकीर यांच्या नावाने ओळखली जाणारी दंडाच्या घेराची रंगीत पट्टी विद्यार्थी जाड कागदावर स्वतः आखू शकतात. आज सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकासाठी ११.५ सेंटीमीटरखाली लाल, तेथून १२.५ पर्यंत पिवळा व त्यावर हिरवा रंग धरला जातो. जुन्या पट्टीवर मर्यादा वेगळ्या होत्या. लाल रंग दिसल्यास मापन पुन्हा करून बालकास अंगणवाडी सेविकेमार्फत आरोग्य केंद्रात पाठवावे; विद्यार्थ्याने निदान सांगू नये. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही असे काम नेमकेपणाने करतात, हे १९७० साली सुरू झालेल्या जामखेड प्रकल्पात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी दाखविले आहे.

शेवटचे साधन म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत. ‘काल काय जेवलात?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘शीत-कडी’ एवढेच येते. घरातील वाटी व डाव पाण्याने भरून मापून घ्यावेत आणि सकाळच्या चहापासून क्रमाने विचारावे. जेवायला सर्वांत शेवटी कोण बसते आणि तोवर हंडीत मासळीचा तुकडा उरतो का, हे मात्र वहीत न पाहता, ओट्याजवळ बसून विचारावे.