बुइटनव्हेल्डर्टला घरच्यांना आणताना: फी थोडी, बाकीचेच फार

अ‍ॅमस्टरडॅमच्या झाउडास या व्यापारी भागातल्या कचेऱ्यांत नोकरी, ट्रामच्या दोन थांब्यांवर बुइटनव्हेल्डर्टमध्ये घर, आणि बायको-मूल अजून पुण्यात. अशा माणसाने हिशेबाला बसताना आयएनडीची, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याची, फी शेवटी लिहावी. ती प्रौढामागे दोनशे-अडीचशे युरोंच्या घरात असते आणि लहान मुलासाठी त्याच्या निम्म्याहून कमी. दर जानेवारीत ती बदलते आणि अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. तुम्ही ‘उच्चकुशल’ परवान्यावर असाल आणि कंपनी मान्यताप्राप्त असेल, तर कुटुंबाचा अर्जही कंपनीच भरू शकते. फी कोण देणार, हे करारावर सही करण्याआधी विचारा. नंतर विचारणारे बहुधा स्वतःच भरतात.

खरा वेळ आणि पैसा खातात ते आपल्याकडचे दाखले. लग्नानंतर मुलीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत पहिलेही. मग पासपोर्टवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे तिसरेच. डच अधिकारी पासपोर्टवरचे नाव धरून चालतो. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे त्याला पटवत बसण्यापेक्षा महापालिकेत जाऊन दाखला दुरुस्त करून घेणे स्वस्त पडते. जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसेल तर ते आधी घाला. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांत ते विनाशुल्क होते, पुढे विलंबशुल्क पडते.

दाखले शुद्ध झाले की राज्य सरकारचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर नेमलेल्या संस्थेचे सेवाशुल्क. एजंट त्याच्या कितीतरी पट सांगतात, कारण घाई तुमची असते. दाखला इंग्रजी मजकुरासह मागून घ्या. नुसता मराठी असेल तर भाषांतर लागते, आणि तेही अपॉस्टिलनंतर, शक्यतो नेदरलँड्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून. भारतात करून घेतले तर त्या भाषांतरालाही वेगळा अपॉस्टिल लागू शकतो.

तुम्ही डच नागरिक झाला असाल, तर प्रकरण वेगळे. जोडीदाराला निघण्याआधीच डच भाषा आणि समाजाची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेच्या तिन्ही भागांचे मिळून १५० युरो. तुमचे उत्पन्न किमान वेतनाइतके हवे आणि नोकरीची पक्की मुदत साधारणपणे अर्जापासून पुढे किमान १२ महिने. दोघांचेही वय २१ पूर्ण हवे. उच्चकुशल परवानाधारकाच्या जोडीदाराला ती परीक्षा नाही, आणि तिथे गेल्यावर त्याला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. ही सवलत हिशेबात धराच, कारण पाळणाघराच्या एका दिवसाला शंभराहून जास्त युरो जातात आणि त्यावरचे सरकारी अनुदान साधारणपणे दोघेही कमावत असतील तरच मिळते.

मंजुरी आल्यावर एमव्हीव्ही, म्हणजे प्रवेशाचा व्हिसा, तीन महिन्यांत घ्यायचा. उतरल्यावर पाच दिवसांत महापालिकेत नोंदणी, मग क्षयाची तपासणी. काल्फ्येसलान रस्त्याच्या पलीकडे घर घेतलेत तर महापालिका अ‍ॅमस्टरडॅमची नाही, आम्स्टेलव्हेनची.

आरोग्यविमा चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो. पण हप्ते पहिल्या दिवसापासूनचे लागतात, म्हणून उशीर केल्याने काही वाचत नाही. प्रौढामागे महिना सुमारे १६० युरो धरा: चौथ्या महिन्यात जागे झालात तर एकदम साडेसहाशेच्या आसपास. त्यावर वर्षाला ३८५ युरोंपर्यंतचा दवाखान्याचा खर्च आधी तुमच्या खिशातून; फॅमिली डॉक्टरची भेट मात्र त्यात धरत नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही.

सगळ्यांत मोठा घास घराचा. समजा भाडे २,००० युरो. कायद्याने अनामत दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे पहिल्या महिन्याचे भाडे धरून किल्ली हातात येईपर्यंत ६,००० गेले. घरमालकाचा एजंट तुमच्याकडून कमिशन मागत असेल तर देऊ नका. तो आपले पैसे घरमालकाकडून घेतो. आणि करारात सगळ्या कुटुंबाची त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे वाचून घ्या.

आता आई-बाबा. इथे हिशेब अवघड नाही, दारच बंद आहे. एकट्या वृद्ध पालकांना मुलांकडे कायमचे राहू देणारी तरतूद १ ऑक्टोबर २०१२ला रद्द झाली. आता नेहमीपेक्षा जास्त परावलंबित्व सिद्ध करावे लागते, आणि ते फार थोड्यांना जमते. ‘आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराला पैसे देण्याआधी हे लक्षात असू द्या.

उरतो शेंगेन व्हिसा: १८० दिवसांत ९०, फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. जुना मधुमेह, रक्तदाब त्या विम्यात बसतो का, ते पॉलिसीत शोधा. पाहुण्याने स्वतःचे पैसे दाखवायचे तर दिवसाला ५५ युरो, म्हणजे ९० दिवसांचे ४,९५०. मुलाने हमी घेतली तर त्याचा पगार दाखवून भागते. तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाप्रमाणे वापरले असतील, तर एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. दरवेळची फी आणि खेटे वाचतात. मुलाच्या हमीपत्रावरची सही तिथल्या महापालिकेत साक्षांकित करून मूळ कागदच भारतात धाडावा लागतो, तेव्हा कुरियरचे आठ-दहा दिवस धरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या, वेळा फार आधी भरतात.