महासाथीच्या काळात कर्करोगाचे उपचार

मनुष्याला होणाऱ्या रोगांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. काही रोग बाहेरून शरीरात शिरणाऱ्या जंतूंमुळे किंवा विषाणूंमुळे होतात व एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. पटकी, गोवर व इन्फ्लुएंझा हे या वर्गातील होत. दुसऱ्या वर्गातील रोग शरीराच्या आतच वाढतात आणि एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. कर्करोग हा या वर्गात मोडतो. काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असले, तरी कर्करोग झालेल्या माणसाजवळ बसल्याने तो कोणास होत नाही.

पहिल्या वर्गातील अनेक रोगांना आवर घालण्याचा एक मार्ग म्हणजे माणसांनी एकमेकांपासून दूर राहणे. कर्करोगाच्या उपचाराचा मार्ग नेमका याच्या उलट आहे. रुग्णाने डॉक्टरांकडे जावे, वारंवार जावे आणि नेमून दिलेल्या दिवशीच जावे, हे त्यातील पहिले पथ्य होय. हे दोन्ही रोग एकाच वेळी दाराशी आले, तर रुग्णाने घरी थांबावे की रुग्णालयाची वाट धरावी? इ. स. २०२० मध्ये भारतातील असंख्य कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख २४ हजार लोकांना नव्याने कर्करोग झाला असावा, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हता.

शरीराचे पहारेकरी

कर्करोगाच्या रुग्णास संसर्गाचे भय अधिक का असते, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. कर्करोगाच्या पेशी अनिर्बंधपणे विभागत राहतात. रसायनोपचारात, म्हणजे ज्यास सामान्यतः केमोथेरपी म्हणतात त्या उपचारात, दिली जाणारी बहुतेक जुनी औषधे विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. परंतु शरीरातील काही निरोगी पेशीही सतत विभागत असतात. केसांच्या मुळांतील पेशी, आतड्याच्या अस्तरातील पेशी आणि हाडांच्या पोकळीतील मज्जेच्या पेशी या अशा होत. औषधाला शत्रू व मित्र यांतील भेद पुरता कळत नाही. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात.

या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर प्रथम तुटून पडतात. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या सामान्यतः दीड हजारांहून अधिक असतात. रसायनोपचारानंतर सुमारे सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान त्यांची संख्या सर्वांत खाली जाते. ती पाचशेच्याही खाली गेली, तर एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही प्राणावर बेतू शकतात. अशा वेळी ताप आला, तर तो साधा ताप समजून घरी थांबता येत नाही. काही तासांच्या आत रुग्णालयात पोहोचावे लागते.

महासाथीने येथेच एक विलक्षण पेच निर्माण केला. कोविडचेही पहिले लक्षण बहुधा तापच असे. ज्या तापामुळे रुग्णाने रुग्णालयाकडे धाव घ्यावयाची, त्याच तापामुळे त्याला प्रवेशद्वारापाशी थांबवून चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागे.

पहिली भीती आणि नंतरचा पुरावा

महासाथीच्या आरंभी, फेब्रुवारी २०२० मध्ये, चीनमधील १,५९० कोविड रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अठरा जणांना कर्करोग होता वा पूर्वी होऊन गेला होता, आणि त्यांचा आजार इतरांच्या मानाने बराच तीव्र झाल्याचे आढळले. या वृत्ताने जगभर चिंता पसरली. रसायनोपचार थांबवावेत काय, असा विचार होऊ लागला. परंतु अठरा ही संख्या फार लहान आहे. त्या अठरा जणांचे वय, त्यांचे अन्य विकार व त्यांच्या उपचारांचे प्रकार यांत इतकी भिन्नता होती, की त्यावरून सर्वांसाठी नियम बांधणे धाडसाचे ठरले असते.

पुढे मार्च व एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील ८०० कर्करुग्णांची नोंद घेण्यात आली. त्या सर्वांना कोविडची लक्षणे होती. त्यांपैकी २२६ जण, म्हणजे शेकडा २८, मरण पावले. धोका मोठा होता, हे यावरून स्पष्ट झाले. पण तो कशामुळे वाढला? वय, पुरुष असणे, रक्तदाब व हृदयविकार यांसारखे अन्य आजार यांच्याशी मृत्यूचा संबंध दिसला. मागील चार आठवड्यांत रसायनोपचार घेतल्याने मृत्यूचे प्रमाण लक्षणीय रीतीने वाढल्याचे मात्र दिसले नाही. सरसकट सर्वांचे उपचार थांबविण्यास आधार नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होय. लहान पाहणी शंका उपस्थित करते आणि मोठी पाहणी तिची परीक्षा घेते. विज्ञानाची वाटचाल अशीच होते.

वाट बंद झाली तेव्हा

भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली. तिच्या आधीच प्रवासी आगगाड्या थांबल्या होत्या. रुग्णालये उघडी होती. पण रुग्णालयापर्यंत पोहोचणे ही वेगळीच गोष्ट होती.

आपल्या देशात कर्करोगावरील मोठी उपचारकेंद्रे मोजक्या शहरांत एकवटलेली आहेत. मुंबईत परळ येथे १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण येतात. उपचार महिनोन् महिने चालतात. तोवर कोणी नातेवाइकांकडे, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी, तर कोणी पदपथावर दिवस काढतात.

बिहारमधील एखाद्या शेतमजूर कुटुंबातील स्त्रीची कल्पना करावी. तिच्या स्तनातील गाठीवर रसायनोपचाराच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत, चौथीसाठी तिने मुंबईस परत यावयाचे आहे, आणि गाडी बंद आहे. मोटार भाड्याने करावी, तर हाती पैसा नाही. पतीची मजुरी टाळेबंदीने बुडाली आहे. जी स्त्री मुंबईतच अडकली, तिच्यापुढे दुसराच प्रश्न होता : मुले गावी, आणि शहरातील राहण्याचा खर्च रोज वाढणारा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कर्करोग जाल ही देशातील कर्करोग केंद्रांची संघटना २०१२ साली स्थापन झाली. तिच्यातील ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ च्या त्याच महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली; म्हणजे ती शेकडा ५४ ने घटली. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या, त्या ८,६७७ झाल्या. बाह्यरुग्ण विभागातील रसायनोपचारांत शेकडा ३७ ची घट झाली. किरणोपचार घेणारे रुग्ण शेकडा २३ ने कमी झाले.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक चूक टाळली पाहिजे. नोंदणी निम्म्याहून कमी झाली, याचा अर्थ कर्करोग निम्मा झाला असा नव्हे. गाठी उद्भवतच होत्या, तोंडातील व्रण वाढतच होते. फक्त ते डॉक्टरांच्या नजरेस पडले नाहीत. नोंदवहीत नसलेला रुग्ण घरी बसून होता, आणि त्याचा रोग त्याच्यासाठी थांबला नव्हता.

विलंबाचा हिशेब

रोग थांबत नसेल, तर विलंबाची किंमत किती? नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात ३४ अभ्यासांतील बारा लाखांहून अधिक रुग्णांचा विचार करण्यात आला. शस्त्रक्रियेस होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका शेकडा ६ ते ८ ने वाढतो, असे त्यात आढळले. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात समजावयाची. एक हजार रुग्णांपैकी एरवी दोनशे दगावणार असतील, तर शेकडा ८ वाढीने स्थूलमानाने दोनशे सोळा दगावतील. हे सोळा जण केवळ वेळ गेल्यामुळे गेले, असे म्हणावे लागेल.

किरणोपचारात तर काळाचे बंधन अधिकच काटेकोर असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संपूर्ण उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा दंडक आहे. मध्ये खंड पडला, तर वाचलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढीस लागतात आणि आधी दिलेल्या किरणांचे फळ कमी होते.

नवी मांडणी

अशा रीतीने प्रश्न तराजूचा झाला. एका पारड्यात संसर्गाचा धोका, दुसऱ्यात विलंबाचा. प्रत्येक रुग्णाची पारडी वेगळी असल्याने सर्वांना एकच उत्तर देता येईना. डॉक्टरांनी म्हणून रुग्णांची विभागणी केली. तीव्र रक्तकर्करोगासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पण बरा होऊ शकणाऱ्या रोगात एक आठवडाही दवडावयाचा नाही. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या काही स्तनकर्करोगांत शस्त्रक्रियेपूर्वी काही काळ गोळ्या देऊन रोग आवरता येतो. पुरःस्थ ग्रंथीच्या संथ कर्करोगात काही आठवडे थांबणे चालते. आणि जे उपचार संपून बरे आहेत, त्यांची विचारपूस दूरध्वनीवरून करता येते.

टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रिया बंद न ठेवण्याचा निर्णय घेतला. टाळेबंदीच्या आरंभीच्या सुमारे पाच आठवड्यांत तेथे कर्करोगाच्या ४९४ पूर्वनियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांनंतर एकही रुग्ण दगावला नाही. सहा जणांना पुढे कोविडची लागण झाल्याचे आढळले. ते सर्व बरे झाले. रुग्णांची काळजीपूर्वक निवड व संसर्गापासून संरक्षण यांची जोड असली, तर संकटकाळातही शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करता येते, हे त्यावरून दिसून आले.

किरणोपचाराच्या बाबतीत एक सुयोग घडून आला. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांवर अनेक वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष एप्रिल २०२० मध्येच बाहेर आले. आरंभीच्या अवस्थेतील स्तनकर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा द्यावयाचे किरणोपचार एका आठवड्यात पाच वेळा दिले, तरी रोग उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात सिद्ध झाले. पंधरा फेऱ्यांच्या जागी पाच! हा प्रयोग महासाथीसाठी आखलेला नव्हता. पण रुग्णालयातील खेपा कमी करण्याची निकड असताना तो उपयोगी पडला.

घराजवळचे उपचार

टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, भारत सरकारने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. डॉक्टर व रुग्ण यांना दूरध्वनीवरून वा चित्रध्वनीवरून सल्लामसलत करण्यास त्यामुळे निश्चित आधार मिळाला. परंतु या साधनास मर्यादा होत्या. गाठ हाताने चाचपून पाहावी लागते, रक्त तपासावे लागते. शिवाय मॉर्फीनसारखी अमली द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधे दुरून लिहून देण्यास त्या नियमांत मनाई होती. ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला होता, त्यांना वेदनाशमनासाठी मॉर्फीनचीच गरज असते. त्यांच्या घरच्यांना औषधासाठी बाहेर पडणे चुकले नाही. उपर्युक्त ४१ केंद्रांत उपशामक सेवेकडे पाठविलेल्या रुग्णांची संख्याही शेकडा २९ ने घटली. ही घट म्हणजे कित्येक घरांत निमूटपणे सोसलेली वेदना होय.

केरळात निराळा मार्ग अनुसरण्यात आला. तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्राच्या सहकार्याने जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांत रसायनोपचाराची व तपासणीची सोय करण्यात आली. औषधे घरोघर पोहोचविण्याच्या कामी अग्निशमन दलाचेही साहाय्य झाले. रुग्णाने केंद्राकडे जाण्याऐवजी केंद्राने रुग्णाकडे जावे, हे यामागील तत्त्व होय. निदान व अवघड शस्त्रक्रिया यांसाठी मोठे केंद्र हवेच. पण ठरलेली औषधफेरी जिल्ह्याच्या गावी देता आली, तर शेकडो मैलांचा प्रवास वाचतो.

लस आणि त्यानंतर

भारतात लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना, तसेच ४५ ते ५९ वयाच्या विशिष्ट आजार असलेल्यांना लस मिळू लागली. त्या आजारांच्या यादीत कर्करोगाचाही समावेश होता. तथापि रक्ताच्या काही कर्करोगांत प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशीच रोगाने वा औषधाने दुबळ्या होतात, आणि लसीचा परिणाम उणा पडतो. अशा रुग्णाच्या घरातील सर्वांनी लस घेणे, मुखपट्टी वापरणे व हात धुणे हीच त्याच्याभोवतीची तटबंदी ठरते. एकाचे रक्षण दुसऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून असते, ही गोष्ट साथींच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसून आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. परंतु साथी पुन्हा येतील. पूर, संप व भूकंप यांनीही वाटा बंद होतात. या अनुभवाने शिकविलेली गोष्ट अशी, की कर्करोगात वेळ हाही उपचाराचाच एक भाग आहे. औषध, किरण व शस्त्र ही तिन्ही वेळेवर मिळाली तरच पूर्ण गुण देतात. म्हणून रुग्णाने आपली कागदपत्रे, औषधांची नावे व पुढील फेरीची तारीख सदैव जवळ ठेवावी, ताप येताच कळवावे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही फेरी चुकवू नये. समाजाने त्याची वाट मोकळी ठेवावी. बंद वाटेच्या त्या टोकाला बसलेल्या स्त्रीला आगगाडीची वाट पाहावी न लागता आपल्याच जिल्ह्यात चौथी फेरी मिळेल, तेव्हाच या अनुभवाचे चीज झाले असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रसायनोपचारानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आलेला ताप दुर्लक्षू नये, याचे कारण सांगा.

२. रुग्णांची नोंदणी घटणे आणि रोग घटणे यांतील भेद स्पष्ट करा.

३. आपल्या जिल्ह्यात कर्करोगाचे कोणते उपचार मिळतात व कोणत्या उपचारांसाठी बाहेरगावी जावे लागते, याची माहिती मिळवा.