कोणता पिंग आधी थांबला?

बाळा, परवा तुझा फोन आला, "मामा, व्हीएमचं नेटवर्क कार्ड खराब झालंय, सारखं तुटतंय." तेव्हा मी एवढंच म्हटलं की कशाला हात लावू नकोस. आता सवडीने सांगतो.

पहिली गोष्ट मनाशी पक्की धर. व्हीएममधलं कार्ड झिजत नाही. त्याची पिन वाकत नाही, त्यात धूळ जात नाही. तो एक प्रोग्राम आहे. गेस्टमधला ड्रायव्हर, हायपरव्हायझर, होस्टचं खरं कार्ड आणि बाहेरचा स्विच या चौघांच्या मेळावर सगळं चालतं. तुटतंय म्हणजे चौघांपैकी कुणाचा तरी मेळ बसत नाहीये. कुणाचा, तेवढंच शोधायचं. म्हणून कार्ड काढून नवं जोडायची घाई नको. नव्या कार्डाला नवा मॅक पत्ता मिळतो, बहुधा नवा आयपीही. दोन दिवस बरं चालतं, आणि दोषाचा माग मात्र पुसला जातो.

तीन पिंग एकदम लाव. अधूनमधून तुटणारं नेटवर्क तू बघायला बसलास की नेमकं चालतं. म्हणून तीन खिडक्या उघडून ठेव: गेस्टकडून होस्टला, गेस्टकडून राउटरला आणि होस्टकडून राउटरला. तुटेल तेव्हा कोणती थांबली ते बघ. होस्टचीच थांबली, तर व्हीएमचा काही दोष नाही. होस्ट चालू आणि गेस्टच्या दोन्ही बंद, तर दोष व्हीएमच्या घरात. फक्त गेस्ट ते राउटर बंद, तर ब्रिजमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. तिन्ही चालू असून वेबसाइट उघडत नसेल, तर डीएनएस बघ.

वायफायवर ब्रिज जपून. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याशी जोडला गेला, त्याच्याच नावाची पाकिटं घेतो. ब्रिजमध्ये व्हीएम स्वतःचा वेगळा पत्ता पुढे करते. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर पत्त्यांची अदलाबदल करून निभावून नेतात, पण दर वेळी जमत नाही. लॅपटॉपवर केबल लाव, नाहीतर नॅट वापर. ब्रिज कोणत्या कार्डावर हेही स्वतः ठरव. 'आपोआप' ठेवलंस तर व्हीपीएन सुरू केल्यावर किंवा लॅपटॉप झोपून उठल्यावर तो भलत्याच कार्डाला जाऊन चिकटू शकतो.

नॅटमधला पत्ता पाहून घाबरू नकोस. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. ती टक्कर नव्हे, प्रत्येकीचं नॅट वेगळं असतं. फक्त बाहेरून आत यायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग हवं.

क्लोन केलंस की ओळख बदल. हे मी ठेच लागून शिकलो. एका लॅबसाठी उबुंटू १८.०४ सर्व्हरच्या प्रती काढल्या. मॅक पत्ते प्रत्येकीचे वेगळे, तरी दोन व्हीएमना एकच आयपी. एकीवर काम करावं तर दुसरी तिला ढकलून देई. दोन रात्री मी स्विचवर संशय घेतला. कारण निघालं मशीन-आयडी: डीएचसीपीला ती व्हीएम आपली ओळख मॅकवरून नव्हे, मशीन-आयडीवरून सांगत होती, आणि ती प्रतींमध्ये जशीच्या तशी उतरली होती. क्लोन काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी कर, पुढच्या बूटला नवी तयार होते.

पिंग जातं, पण मोठी फाइल अडकते? मग एमटीयू तपास. तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचा पिंग पाठव. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळून १५०० होतात. तो अडकला आणि १३०० चा गेला, तर वाटेत कुठेतरी रस्ता अरुंद आहे, बहुतेक व्हीपीएन. दोन्ही गेले, तर गेस्टच्या कार्डाची ऑफलोडिंग एकेक करून बंद करून बघ.

कार्डाचा प्रकार शेवटी बदल. ई१००० हे इंटेलच्या खऱ्या चिपचं सोंग आहे. जुन्या सिस्टिमलाही ते ओळखता येतं, पण सोंग वठवण्यात प्रोसेसर खर्ची पडतो. केव्हीएमवर व्हर्टआयओ आणि व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ ही व्हीएमसाठीच घडवलेली कार्डं आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर २००८ पासून आहे. विंडोजमध्ये तो आधी बसव, मगच कार्ड बदल. उलट केलंस तर नेटवर्कच जाईल, आणि नेटवर्कशिवाय ड्रायव्हर उतरवून घ्यायला धडपडशील.

आणि एका वेळी एकच बदल. तो वहीत लिही: तारीख, आधी काय होतं, काय केलं, काय झालं. चार गोष्टी एकदम बदलून नेटवर्क सुरू झालं, तर ते सुरू झालं एवढंच कळतं, का ते कळत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पुन्हा तुटेल तेव्हा जरूर फोन कर, रात्री कर. फक्त 'कार्ड खराब आहे' असं म्हणू नकोस. कोणता पिंग आधी थांबला ते सांग, पुढचं आपण मिळून काढू.