मॉडेल किट कोठून घ्यावे? सहा लाल डब्यांचा हिशेब



हॉबी क्लबच्या कपाटात वरच्या फळीवर सहा लाल डबे आहेत. ते तिथे का पडून आहेत, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले आणि मी दरवेळी विषय बदलला. चूक माझी होती, म्हणून. या अंकासाठी 'किट दुकानातून घ्यावे की ऑनलाइन' यावर लिहा असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा त्या डब्यांना वगळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

१४ डिसेंबरला आपण फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे स्मरण करतो. १९७१ साली याच दिवशी श्रीनगरच्या हवाई तळावर पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर हल्ला सुरू असताना सेखों यांनी आपले नॅट आकाशात नेले आणि संख्येने कितीतरी अधिक असलेल्या शत्रूशी झुंज दिली. त्या झुंजीत त्यांना वीरमरण आले. वायुसेनेला मिळालेले आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. नॅटशी आपले आणखी एक नाते आहे: ही विमाने परवान्याखाली आपल्याच बंगळूरूत, एचएएलमध्ये बांधली जात. म्हणून गेल्या वर्षी ठरले की प्रत्येक हाउसने १:७२ प्रमाणात नॅटचे एक मॉडेल बनवायचे. हाउस सहा, म्हणून किटही सहा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी आपल्या नेहमीच्या दुकानात गेलो. जुन्या कॅडेटांना ते ठाऊक आहे: अरुंद जिना, वर बाल्सा लाकडाचा वास, काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेले अंकल. (वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळचे, पण आपण सगळेच त्यांना अंकल म्हणतो, मीही. ते बोलतात कानडी वळणाच्या हिंदीत. इथे मराठीत देतो.) मी म्हणालो, "नॅटची सहा किट हवीत, काय दर?" ते म्हणाले, "तेराशे रुपये एक. कशासाठी हवीत?" तोवर मी काउंटरखाली फोनवर तेच नाव टाकले होते. तिथे एक हजार पन्नास. "कळवतो," एवढे बोलून मी जिना उतरलो.

एका किटमागे २५० रुपये, सहांचे १,५००. ऑफिसच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन जोडली. सर्वांत कमी दर अर्थातच ऑनलाइनचा. मंजुरी मिळाली, डबे आठवड्यात आले. सहामाही परीक्षा चालू असल्याने ते तसेच कपाटात ठेवले आणि २ डिसेंबरला उघडले. आठवीतल्या एका कॅडेटने पहिल्या डब्यातली पारदर्शक कॅनोपी उजेडात धरली आणि म्हणाला, "सर, यात दोन सीट आहेत."

माल परत करण्याची मुदत केव्हाच टळली होती. विक्रेत्याला दोष देता येत नाही. चित्र स्वच्छ होते, लाल रंगाचे, दोन वैमानिकांचे. मी किंमत पाहिली, चित्र पाहिले नाही.

संध्याकाळी एक डबा घेऊन पुन्हा तो जिना चढलो. अंकलनी डबा हातात घेतलासुद्धा नाही. लांबूनच म्हणाले, "हे शिकाऊ वैमानिकांचं विमान आहे, सर. पुढे विद्यार्थी, मागे शिक्षक. इंग्रजांच्या रेड अ‍ॅरोज पथकाकडे हेच होतं. सेखोंसाहेबांचं नॅट एकट्याचं होतं." मग जरा थांबून, "त्या दिवशी मी विचारलं होतं, कशासाठी हवीत."

आता थोडे गणित, कारण हा लेख अभ्यासाचा आहे. एकासनी नॅटची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. दोन आसनांच्या शिकाऊ नॅटची लांबी ९.६८ मीटर, विस्तार ७.३२ मीटर. प्रत्येक आकड्याला ७२ ने भागा. पहिले मॉडेल १२.१ सेंटिमीटर लांब येते, दुसरे १३.४. विस्तारात ९.३ आणि १०.२ असा फरक पडतो. म्हणजे कॅनोपी बदलून काम भागत नाही. धड वेगळे, पंख वेगळे. मी ते कापून छोटे करता येईल का असेही विचारले होते. अंकल हसले.

१:७२ हे प्रमाण मुळात फूट-इंचांतून आले आहे: प्रत्यक्षातले सहा फूट, मॉडेलवर एक इंच. साधारण माणूस इंचभर उंचीचा होतो. दुसऱ्या महायुद्धात याच प्रमाणातली मॉडेल्स विमाने ओळखायला शिकवण्यासाठी वापरली गेली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांमधील मुलांकडून अशी पाच लाख लाकडी मॉडेल्स करून मागवली होती. तुमच्याच वयाची मुले ती. आकाशातली आकृती आपली की शत्रूची, हे काही क्षणांत ओळखता यावे, यासाठी हा खटाटोप. आणि मी, हॉबी क्लबचा प्रभारी, टेबलावर ठेवलेल्या चित्रातले विमान ओळखू शकलो नव्हतो.

अंकलनी मागच्या खोलीतून एक धुळकट डबा आणला. एकासनी नॅट, एकच नग, कितीतरी वर्षांपूर्वी आलेला. त्यावर त्या वेळची चिठ्ठी होती, ८५० रुपये. त्यांनी तेवढेच घेतले. आतली डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, पिवळी पडली होती. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवा, पिवळेपणा उतरेल, असे त्यांनी सांगितले. आपल्या हाउसच्या खिडकीवर आठवडाभर जे लटकत होते ते हेच. वायुसेनेचे वर्तुळचिन्ह, बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे, त्यातून बऱ्यापैकी उजळ निघाले.

कॅनोपीच्या वेळी दहावीतल्या एका हुशार कॅडेटने झटपट चिकटणारा गोंद हातात घेतला होता. अंकलनी आधीच बजावले नसते तर तो डबाही वाया जाता. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि कॅनोपी धुक्यासारखी पांढुरकी होते. तिथे वापरायचा तो हस्तकलेतला साधा पांढरा गोंद. सुकला की पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. बाकीच्या भागांना मॉडेलचा पातळ सिमेंट लावायचा. तो खरे तर चिकटवत नाही, दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणून थेंबभर पुरतो आणि दोन थेंबांनी तपशील पुसले जातात.

आता किमतीकडे येऊ. दुकानदार लुटतो, असे एका पालकांनी मला फोनवर सांगितले होते. तेराशेचा डबा नऊशेला मिळतो मग तो तेराशे का घेतो, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. प्रमाणबद्ध मॉडेल्स त्याच वर्गात मोडतात. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचे मानकचिन्हही सक्तीचे झाले. हे नियम आपल्या देशातल्या ऑनलाइन विक्रेत्यालाही चुकत नाहीत. पण तो शेकडो डबे एकदम उचलतो, आणि बाजारपेठेतल्या जिन्याचे भाडे त्याला भरावे लागत नाही. अंकल एका वेळी चार डबे मागवतात. त्यातले तीन विकले जातात आणि चौथा मागच्या खोलीत वर्षानुवर्षे राहतो. सेखोंच्या स्मृतिदिनी आपली लाज राखणारा डबा तो चौथा होता, हे मात्र विसरू नका.

पूर्वी त्या दुकानाची एक अख्खी भिंत किटची होती. आज दोन फळ्या आहेत; बाकी जागेत रिमोटच्या गाड्या आणि प्रोजेक्टचे थर्माकोल. मी कारण विचारले. "लोक येतात, डबा उघडून पाहतात, कुठला रंग लागेल ते लिहून घेतात, डब्याचा फोटो काढतात आणि जातात," ते म्हणाले. रागाने नव्हे, हवामान सांगावे तसे. मी मान खाली घालून रंगांच्या बाटल्या न्याहाळत राहिलो. काउंटरखालचा माझा फोन त्यांना दिसला होता की नाही, मला अजून माहीत नाही.

बाटल्यांवरून आठवले. इनॅमलसारखे ज्वालाग्राही रंग आणि पातळ सिमेंट विमानाच्या टपालातून पाठवता येत नाहीत, धोकादायक माल ठरतो. त्यामुळे स्वस्त किट दोन दिवसांत दारात येते आणि गोंद-रंगासाठी मुलगा त्याच दुकानात जातो, पन्नास-शंभर रुपयांच्या खरेदीला. त्या बाटलीवर दुकानाचे भाडे निघत नाही. आणि दुकान गेले तर बाटलीही गेली.

मात्र याचा अर्थ ऑनलाइन काही घेऊच नये, असा मी काढत नाही. तसे सांगितले तर ते ढोंग होईल. तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत गडहिंग्लजला, वाशिमला, बिदरला जातात. तिथे असे दुकान नाही आणि कधी नव्हतेही. त्या मुलाने घरी बसून किट मागवले तर तो कुणाचे नुकसान करत नाही. काही विमाने अशी आहेत की ती लहान कंपन्या थोड्या प्रती काढून विकतात; ती कुठल्याच फळीवर येणार नाहीत. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: सल्ला दुकानातून आणि खरेदी दुसरीकडून. ज्याचा तासभर वेळ घेतला, ज्याच्याकडून शिकलो, त्याचे दाम चुकवावे. मग ते अडीचशे रुपये जास्त वाटले तर ती शिकवणी समजा. इतर विषयांच्या शिकवणीला आपण याहून कितीतरी जास्त देतो.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. ऑनलाइन मागवताना मुलाला आधी चार गोष्टी कागदावर लिहायला लावा: विमानाचा नेमका प्रकार, प्रमाण, आसने किती आणि डब्यात कुठल्या देशाची चिन्हे आहेत. जुन्याच साच्यातले किट नव्या चित्राच्या डब्यात विकले जाते, हेही तपासावे लागते. अशा किटचे सांधे जुळत नाहीत आणि नवख्या मुलाचा हिरमोड होतो. आणि डबा आल्या दिवशीच उघडा. सगळ्या चौकटी सूचनापत्राशी ताडून पाहा, परीक्षा असली तरी.

आता हिशेब पूर्ण करतो. सहा लाल डबे ६,३०० रुपये, एकासनी नॅट ८५०, एकूण ७,१५०. १४ डिसेंबरला टेबलावर एक मॉडेल. मी त्या पहिल्या दिवशी "कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर दिले असते, तर अंकलनी एकच डबा समोर ठेवला असता आणि खर्च ८५० झाला असता. हे आकडे मी तसेच ऑफिसला लेखी दिले. बोलणी खावी लागली, ती योग्यच होती. पण त्यातून एक बदल झाला: आता हॉबी क्लबच्या मागणीपत्रात नुसते विमानाचे नाव चालत नाही. प्रकार, आसने, चिन्हे आणि 'ताबा घेताना डबा उघडून तपासणी' एवढे लिहिल्यावरच कोटेशन मागवली जातात. शेवटच्या अटीमुळे गावातले दुकान पुन्हा स्पर्धेत आले.

त्या एका मॉडेलवर सहाही हाउसच्या कॅडेटांनी मिळून काम केले. चाके एकाने, क्षेपणाची टाकी दुसऱ्याने, असे. लाल डबे यंदा सातवीच्या मुलांना सरावासाठी देणार आहे. निपर कसा धरायचा, कडा पॉलिश पेपरने कशा घासायच्या, हे त्यावर शिकता येईल.

या सत्राची यादी मी जूनमध्येच अंकलना नेऊन दिली, म्हणजे त्यांना एकदम मागवता येईल आणि चौथा डबा पडून राहणार नाही. यादीत पाच नावे होती: हंटर, मिग-२१, कॅनबेरा, एकासनी नॅट आणि आपले एचएएलचे मरुत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पेन्सिल घेतली आणि मरुतवर रेघ मारली.

"हे माझ्याकडे येणार नाही, सर. हे तुम्ही ऑनलाइनच मागवा," ते म्हणाले. "फक्त पैसे भरायच्या आधी चित्र मला दाखवून जा."