भावना आणि स्मरणशक्ती : ठळक तेवढेच उरते

मागच्या दिवाळीत आमच्या अहेरीच्या घरी भाचे-पुतण्यांची फौज जमली होती. दुपारी त्यांनी 'मिस्टर इंडिया' लावला. शेखर कपूर यांचा हा चित्रपट १९८७ सालचा. आमच्या पिढीने तो सतरंजीवर दाटीवाटीने बसून व्हिडिओवर पाहिलेला. हातातल्या घड्याळासारख्या यंत्राने अदृश्य होणारा नायक हा आपल्याकडचा घरगुती महानायकच. त्यातली टीना नावाची चिमुरडी बॉम्बस्फोटात मरते, तेव्हा खोलीत एकदम शांतता पसरली. धाकट्या भाचीने तर आईच्या पदरात तोंड लपविले.

तासाभराने मी मुलांना सहज विचारले, "त्या प्रसंगात टीनाच्या अंगात कोणत्या रंगाचे कपडे होते?" पाच मुलांनी तीन रंग सांगितले. मग पैजा लागल्या, भांडणे झाली. शेवटी चित्रपट मागे नेऊन पाहिला, तेव्हा चारदा चित्रपट पाहिलेल्या मामांचेही उत्तर चुकले होते! मात्र "अदृश्य माणूस कशात दिसतो?" असे विचारताच सगळे एका सुरात ओरडले, "लाल प्रकाशात!" कारण तिथे नायकाच्या जिवाला धोका होता.

वाचकहो, ही गंमत वाटली तरी तिच्यामागे आरोग्याचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे. तोच आज समजून घेऊ.

मेंदूत काय घडते?

आपल्या मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. भीती, धक्का, आनंद अशा प्रसंगी तो लगेच जागा होतो. त्याच्या शेजारीच हिप्पोकॅम्पस हा भाग असतो. नव्या आठवणींची नोंद करणारा हा जणू कारकून. त्याच वेळी मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, हाताला घाम सुटतो आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो. मग अमिग्डला कारकुनाला बजावते, "हे पक्क्या शाईने लिहून ठेव!"

अमेरिकेतील लॅरी काहिल व जेम्स मॅकगॉ या शास्त्रज्ञांनी १९९४ साली याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. मुलगा आईबरोबर जातो आणि वाटेत त्याला भयंकर अपघात होतो. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल हे अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारे औषध दिले होते. आठवड्याने विचारले, तेव्हा औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा चांगला आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. (हे रक्तदाबाचे व हृदयाचे औषध आहे. ते कोणीही मनाने घेऊ नये.)

पक्की शाई, पण पान छोटे

शाई पक्की असली तरी पान छोटे असते, हे आपण विसरतो. भावना आपले सारे लक्ष एका जागी खेचते. तेवढेच कोरले जाते आणि कडेचे सगळे निसटते. एलिझाबेथ लॉफ्टस व सहकाऱ्यांनी १९८७ साली उपाहारगृहातील प्रसंगाची चित्रे लोकांना दाखविली. एका संचात गिऱ्हाइकाच्या हातात धनादेश होता, दुसऱ्यात पिस्तूल. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा पिस्तुलावरच गेली आणि माणूस ओळखण्यात ते कमी पडले.

महानायकांच्या चित्रपटांतील बारकावे म्हणूनच पहिल्या वेळी हाती लागत नाहीत. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्हने साध्या पत्रकाराच्या वेशात भांग एका बाजूला पाडला आहे आणि सुपरमॅन झाल्यावर विरुद्ध बाजूला! मार्व्हलच्या अनेक चित्रपटांत त्या पात्रांचे एक जनक स्टॅन ली क्षणभर एखाद्या साध्या माणसाच्या रूपात दिसून जातात. पहिल्यांदा पाहताना नायक वाचतो की नाही याचीच धास्ती असते. दुसऱ्यांदा शेवट ठाऊक असतो, मन शांत असते आणि नजर पडद्याच्या कडेला फिरू लागते. बारकावे पहिल्या वेळीही तिथेच होते, आपली नजर तिथे नव्हती.

खात्री म्हणजे खरेपणा नव्हे

दुसरी अडचण अशी की, भावनेने भरलेली आठवण आपल्याला अगदी खरी वाटते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटले. दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून "बातमी कुठे, कशी कळली" हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले, तर अनेकांची उत्तरे साफ बदललेली होती. पण त्यांतल्या अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला. सिरोंच्याकडचे दोन सख्खे भाऊ माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. थोरला म्हणतो, पाणी मध्यरात्री चढले. धाकटा म्हणतो, भर दुपारी. दोघेही शपथेवर सांगतात आणि दोघांचेही डोळे भरून येतात. यात खोटे कोणीच बोलत नाही. आठवण दर वेळी काढताना थोडी नव्याने घडते, एवढेच.

माझी चूक

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात जिमलगट्ट्याकडून एक बाप चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन माझ्या दवाखान्यात आला. ताप डोक्यात जाऊन मुलाला झटका आला होता. झटका थांबला, ताप उतरला. रक्त तपासले, तर व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला. मी त्याच घाईत बापाला सांगितले, "भाऊ, या गोळ्या तीन दिवस आणि या दुसऱ्या चौदा दिवस. मधे बंद करायच्या नाहीत." तो मान हलवत होता, "हो साहेब, हो साहेब."

दीड महिन्याने मूल पुन्हा तापाने फणफणलेले! व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात. त्यांच्यासाठीच त्या चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. बापाने दोन्ही गोळ्या तिसऱ्या दिवशी थांबविल्या होत्या. मी थोडा रागावलोच. तो म्हणाला, "साहेब, पोराचे डोळे फिरले होते ते आठवते. बाहेर पाऊस होता, सिस्टरच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, तेही आठवते. तुम्ही चौदा दिवस कधी म्हणाले?"

मी गप्प झालो. मी म्हणालो होतो, पण त्याच्या मेंदूने त्या वेळी फक्त मुलाचे डोळे लिहून घेतले होते. शिवाय घरात गोंडी बोलणाऱ्या माणसाला मी भराभर मराठीत सांगत होतो. चूक त्याची नव्हती, वेळ निवडणाऱ्या डॉक्टरची होती. पुन्हा पूर्ण उपचार केले आणि मूल बरे झाले. पण त्या दिवसापासून मी घाबरलेल्या माणसाला औषध समजावण्याची पद्धत बदलली.

एवढे करा

१. दवाखान्यात जाताना शक्यतो एक शांत डोक्याचा माणूस बरोबर न्या. ऐकण्याचे काम त्याचे.

२. औषध किती व किती दिवस, हे कागदावर लिहून मागा. वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्र काढून द्यायला सांगा. त्यात लाज कसली?

३. डॉक्टरांनी सांगितलेले निघण्यापूर्वी आपल्या शब्दांत त्यांना म्हणून दाखवा. आपली भाषा वेगळी असेल तर दुभाषी मागा.

४. धक्का ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

५. साप चावला तर वेळ लगेच लिहून ठेवा. सापाचे रंग, पट्टे आठवत बसू नका, त्याच्या मागेही धावू नका. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. रुग्णाला हलू न देता तातडीने रुग्णालय गाठा.

६. अपघात, पूर किंवा हिंसेचा प्रसंग महिन्याहून अधिक काळ डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नका. उपचार आहेत. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

चित्रपटातला सुटलेला बारकावा दुसऱ्यांदा पाहता येतो. दवाखान्यातला सुटलेला शब्द मात्र आजार परत आल्यावरच कळतो. म्हणून स्मरणशक्तीवर भरवसा जरूर ठेवा, पण खिशात कागदही असू द्या.