सांधेदुखी, आहार आणि श्रमिकाचे अर्थकारण

हुगळी नदीच्या पूर्व तीरावरील बजबज हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील शहर ताग गिरण्या आणि खनिज तेलाच्या साठवण केंद्रांसाठी ओळखले जाते. मागावर तासन् तास उभे राहणे, जड गासड्या हलविणे हे गिरणीतील श्रमाचे स्वरूप. अशा श्रमिकाच्या दृष्टीने गुडघा हे उत्पादनाचे साधनच होय. तो दुखावला की मजुरी बुडते.

संधिवात हा एकच रोग नव्हे, ही बाब अभ्यासकांनी प्रथम ध्यानात घ्यावी. वयानुसार होणारी सांध्यांची झीज, रोगप्रतिकारक यंत्रणाच शरीरावर उलटल्याने होणारा आमवात आणि युरिक आम्ल साचून उद्भवणारा गाउट, या तिन्हींत आहाराची भूमिका वेगवेगळी आहे. झिजलेली कूर्चा आहाराने भरून येत नाही. वजन मात्र घटविता येते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, घटलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरील भार पावलागणिक सुमारे चार किलोने कमी होतो. व्यायामाची जोड दिल्यास वेदना अधिक कमी होतात, असे 2013 च्या अभ्यासात आढळले.

आमवातात तेलकट माशांतील ओमेगा-3 मेदाम्ले दाह काहीशी कमी करतात. औषधांची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत. बंगालचा लाडका इलिश हा असाच मासा. पण त्याचा भाव मजुराला परवडणारा नसतो. मोहरीच्या तेलातही ओमेगा-3 असते, परंतु त्या वनस्पतिजन्य प्रकाराचे शरीरात उपयुक्त रूपांतर अत्यल्प होते. उलट गाउटच्या रुग्णाने काही मासे, प्राण्यांचे यकृत-मूत्रपिंड आणि मद्य यांवर मर्यादा घालणेच इष्ट.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबांना दरडोई दरमहा 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. त्यामुळे उष्मांकांची सोय होते. डाळी, भाज्या, मासे मात्र बहुतांशी पदरमोड करूनच घ्यावे लागतात. गुडघेरोपणाच्या कृत्रिम सांध्यांवर ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने किंमतमर्यादा घातली, तीही रोग बळावल्यानंतरच्या टप्प्याची.

‘आंबट खाऊ नये, टोमॅटो-वांगे वर्ज्य’ या सरसकट पथ्यांना भक्कम शास्त्रीय पुरावा नाही. तरीही ती पाळली जातात आणि आधीच भाताने भरलेल्या ताटातून स्वस्त भाजी तेवढी वजा होते.