लघवीतील प्रथिने : घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याची ही गोष्ट. विम्यासाठी केलेल्या तपासणीत त्यांच्या लघवीच्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन’ या शब्दापुढे अधिकचे एक चिन्ह होते. मधुमेहाची गोळी चालू होती, बाकी त्रास काही नव्हता. त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात टाकला. शेजारी बसणाऱ्या आम्हीही तो पाहिला आणि विसरलो. सहा वर्षांनी पायांवर सूज आली, तेव्हा मूत्रपिंडे बरीचशी निकामी झाल्याचे कळले. आज त्यांना आठवड्यातून ३ वेळा डायलिसिससाठी जावे लागते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. परंतु त्या एका चिन्हाचा अर्थ तेव्हा ठाऊक असता तर, ही रुखरुख मनातून जात नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले, ते सभासद आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

मूत्रपिंडाची गाळणी

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी व उपयुक्त द्रव्ये रक्तात परत जातात आणि साधारण दीड लिटर लघवी बाहेर पडते. प्रथिनांचे कण आकाराने मोठे, म्हणून ते रक्तातच राहतात. चहाच्या गाळणीची जाळी फाटली की चोथा कपात उतरतो, तसेच येथे होते. गाळणीला इजा झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते. हेच अल्ब्युमिन रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते फार कमी झाले की सकाळी डोळ्यांभोवती व संध्याकाळी पायांवर सूज दिसते. लघवीला न मोडणारा फेस येतो.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज आलेल्या रुग्णांची लघवी आणि मूत्रपिंडांचा विकार यांचा संबंध दाखवून दिला. त्या काळी चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवीत. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने घट्ट होतो, तशी ती गढूळ झाली की प्रथिने आहेत असे समजत. आज तेच काम कागदी पट्टी करते.

कारणे दोन प्रकारची

पहिला प्रकार तात्पुरता. ताप, कडक व्यायाम, अतिश्रम किंवा शरीरातील पाणी कमी होणे यामुळे काही काळ प्रथिने दिसतात व कारण दूर झाले की जातात. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गामुळे किंवा पाळीच्या दिवसांत दिलेल्या नमुन्यामुळेही रिपोर्ट फसवा येऊ शकतो. काही किशोरवयीन मुलांत दिवसभर उभे राहिल्यावर प्रथिने दिसतात, पण सकाळच्या पहिल्या लघवीत नसतात. ही गोष्ट सहसा निरुपद्रवी असते.

दुसरा प्रकार टिकून राहणारा. यात मधुमेह व उच्च रक्तदाब ही प्रमुख कारणे. मूत्रपिंडाच्या गाळण्यांना येणारी सूज, लहान मुलांतील नेफ्रोटिक सिंड्रोम आणि ल्युपससारखे आजार ही आणखी काही. डॉक्टरांना न विचारता दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, तसेच पारा असलेली भस्मे व गोरेपणाची क्रीमे यांनीही मूत्रपिंडांना इजा होते. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने आली, तर तो आई व बाळ दोघांनाही धोका असतो. तेथे एक दिवसही थांबू नये.

रिपोर्ट कसा वाचावा?

निरोगी माणसाच्या लघवीतूनही दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिने जाऊ शकतात. प्रमाण ३.५ ग्रॅमच्या वर गेले तर ती मोठी गळती समजतात. पट्टी केवळ अंदाज देते. नेमके समजण्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. ते ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ठीक, ३० ते ३०० म्हणजे धोक्याची सूचना आणि ३०० च्या वर म्हणजे गंभीर. पण बँकेत एका दिवसाच्या नोंदीवरून आपण कोणाचे खाते बंद करीत नाही, तसेच एका रिपोर्टवरून निदान होत नाही. सकाळच्या नमुन्याची तपासणी पुन्हा करावी. ३ महिने गळती टिकली तर तो जुनाट विकार समजतात.

येथे एक चूक फार जण करतात. रक्तातील क्रिएटिनिन ठीक आले म्हणून ते निश्चिंत होतात. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ती जाईपर्यंत क्रिएटिनिन ठीक दिसू शकते. लघवीतील अल्ब्युमिन बहुधा त्याच्या कितीतरी आधी सूचना देते.

आपण काय करावे?

मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. प्रथिने बाहेर जातात म्हणून डाळ-अंडी एकदम वाढवू नयेत आणि भीतीने बंदही करू नयेत. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. गळती कमी करून मूत्रपिंडे वाचविणारी औषधे आज उपलब्ध आहेत. मात्र ती वेळेत सुरू व्हावी लागतात.

हा लेख वाचून झाल्यावर आपल्या घरातील जुने रिपोर्ट एकदा काढून पाहावेत. आई-वडिलांचे तर अवश्य पाहावेत. विद्यार्थ्यांनी ते वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावेत. अल्ब्युमिनपुढे अधिकचे चिन्ह दिसले, तर तो कागद खणात न ठेवता डॉक्टरांकडे न्यावा. आमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत जे आमच्याकडून राहून गेले, ते आपल्याकडून राहू नये, एवढीच विनंती.